दक्षिण इटलीत काय खावं : प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

नापोली, बारी, मातेरा, पालेर्मो, कातानिया या बाजूला जायचं ठरलं की हॉटेल आणि तिकिटांइतकीच खाण्याची चौकशी सुरू होते. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कांपानिया, पुल्या, बाझिलिकाता, कालाब्रिया आणि सिसिली या पाच प्रांतांपुरतंच हे लिखाण आहे. सार्डिनियाची खाद्यपरंपरा इतकी निराळी आहे की ती यात कोंबणं बरोबर नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. दक्षिणेत काय खायचं हे गाव आणि महिना ठरवतो. नापोलीचा पदार्थ बारीत मागवू नका आणि हिवाळ्यातली भाजी जुलैमध्ये मागू नका. एवढं पाळलं तरी निम्मी निराशा टळते.

दक्षिणेचं जेवण उत्तरेपेक्षा वेगळं म्हणजे नेमकं काय?

उत्तरेत लोणी, साय, अंड्याचा पास्ता, भाताचा रिझोत्तो आणि भरपूर मांस. दक्षिणेत ऑलिव्हचं तेल, नुसत्या रव्या-पाण्याचा पास्ता, कडधान्यं, पालेभाज्या, वांगी, टोमॅटो, पाव आणि किनाऱ्यावर मासे. दक्षिणेतला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गरीब होता. मांस रविवारी किंवा सणाला, चीज जपून. किसलेलं चीज परवडत नव्हतं म्हणून शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर भुरभुरवायचे. आज तोच चुरा महागड्या रेस्टॉरंटांतही दिमाखात येतो, आणि तो चीजपेक्षा कमी चवीचा मुळीच नाही.

इथला पास्ता ड्युरम गव्हाच्या रवाळ पिठाचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. सुका पास्ता ड्युरमचाच हवा, असा कायदा इटलीत 1967 साली झाला.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहायची वेळ येईल का?

नाही. मी तर म्हणेन, युरोपात शाकाहारी माणसाने निश्चिंतपणे जेवावं असा हा टापू आहे. इथे शाकाहारी पदार्थ तुमच्यासाठी वेगळा करून देत नाहीत, तो त्यांच्या घरात आधीपासून शिजतो. अंडं टाळणाऱ्यांसाठी सर्वात मोठी सोय म्हणजे दक्षिणेतला पारंपरिक ताजा पास्तासुद्धा बहुधा बिनअंड्याचा असतो. तरी विचारून घ्या, कारण उत्तरेकडचे अंड्याचे पास्तेही मेनूत असतात.

नापोलीत पिझ्झा मारिनारा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. चीज नाही आणि, नावावरून वाटतं तसे मासेही नाहीत. पुल्यात फावे ए चिकोरिया : वाळवलेल्या, सोललेल्या फावा (ब्रॉड बीन) दाण्यांचं मऊसूत घोटलेलं पिठलंवजा वाटण आणि शेजारी उकडलेली कडसर चिकोरीची भाजी, वर कच्चं ऑलिव्ह तेल. लेच्चेच्या बाजूला चिचेरी ए त्रिया : छोले आणि पास्ता, त्यातला थोडा पास्ता तळून कुरकुरीत केलेला. बाझिलिकातात लागाने ए चेची, म्हणजे रुंद पट्ट्यांचा पास्ता आणि छोले. सिसिलीत वांगी-टोमॅटोचा पास्ता आल्ला नोर्मा, वांग्याची आंबट-गोड कापोनाता, छोल्यांच्या पिठाचे तळलेले पानेल्ले. ही यादी अजून दुप्पट करता येईल.

मग शाकाहारी माणूस फसतो कुठे?

हे उत्तर नीट वाचा, कारण वाढणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ‘मांस नाही ना?’ असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि ताटात आंचोवीचा तुकडा विरघळलेला असेल. छोटा मासा म्हणजे त्याच्या लेखी मीठ-मसाल्यासारखाच.

आंचोवी सर्वात जास्त लपते ती बारीच्या ओरेक्किएत्ते या छोट्या वाट्यांसारख्या पास्त्यात आणि पालेर्मोच्या स्फिंचोने या जाड पिझ्झ्यात. नापोलीत ‘जेनोवेझे’ नावाचा पास्ता दिसला तर तो कांद्याच्या रश्श्याचा वाटेल, पण तो कांदा गोमांसाबरोबर तासन्‌तास शिजलेला असतो. पास्ता आणि राजम्याच्या आमटीत डुकराच्या कातडीचा तुकडा घालायची रीत आहे. कालाब्रिया आणि सिसिलीत काही घरी वांग्याच्या पार्मिजानातही हॅम किंवा उकडलेलं अंडं घालतात.

दुसरा सापळा डुकराच्या चरबीचा, तिला स्त्रुत्तो म्हणतात. नापोलीचे मिरी-बदामाचे ताराल्ली (खुसखुशीत खारी कडी) चरबीत मळलेले असतात, पुल्याचे ताराल्ली मात्र ऑलिव्ह तेल आणि व्हाइट वाइनचे. स्फोल्यातेल्लाचे पापुद्रे, कान्नोलोची नळी, लेच्चेचा पास्तिच्चोत्तो या सगळ्या गोड पदार्थांत परंपरेने चरबी असते. हल्ली लोणी किंवा तेल वापरणारेही आहेत, म्हणून दुकानात ‘चे लो स्त्रुत्तो?’ असं सरळ विचारा.

तिसरी गोष्ट चीजची. म्हशीच्या दुधाचं नामांकित मोझ्झारेल्ला, पेकोरीनो, पार्मिजानो हे सगळे प्राण्यापासून काढलेल्या रेनेटने विरजलेले असतात. यावर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असावं.

कामाची वाक्यं : पुरुषांनी ‘सोनो वेजेतारियानो’, बायकांनी ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणायचं. त्याला जोडून लगेच ‘नॉन मांजो कार्ने, ने पेशे, ने आच्चुगे’, म्हणजे मांस, मासे, आंचोवी काहीच खात नाही.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं काय?

अवघड आहे, अशक्य नाही. नापोलीच्या मार्गेरितावरचा सॉस शिजवलेला नसतो. टोमॅटो कुस्करून त्यात मीठ, एवढंच. कांदा नाही, लसूण नाही. पानेल्लेतही दोन्ही नसतात. पुल्यात फावाचं वाटण लसणाविना मिळू शकतं, पण त्यात कधी कधी बटाटा घालून घोटतात, तेव्हा जैन मंडळींनी विचारावं. पास्त्यासाठी ‘सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला’ म्हणून टोमॅटो-तुळशीचा साधा पास्ता सांगा. छोट्या घरगुती त्रात्तोरियात आनंदाने करून देतात. दुपारच्या गर्दीत मात्र आग्रह धरू नका.

नापोलीत पिझ्झा कोणता खावा, आणि तो मधोमध ओला का असतो?

मार्गेरिता किंवा मारिनारा. पहिल्या दिवशी दुसरं काही मागवू नका. या दोनांतच पीठ, टोमॅटो आणि भट्टी यांची खरी परीक्षा होते.

लाकडाची भट्टी सुमारे 485 अंशांपर्यंत तापलेली असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. इतक्या कमी वेळात टोमॅटोचं पाणी आटत नाही, म्हणून मध्यभाग मऊ आणि ओलसर राहतो. कडा फुगतात, त्यावर काळे ठिपके येतात. तो कच्चा राहिलेला नसतो. कुरकुरीत पोळीची अपेक्षा असेल तर ती रोमची पद्धत, नापोलीची नाही. काटा-सुरीने खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही, स्थानिक लोकही तसंच सुरू करतात. रस्त्यावर छोटा पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात, त्याला ‘आ पोर्ताफोल्यो’ म्हणतात. चालता चालता खायला तोच बरा.

1889 साली राणी मार्गेरितासाठी हा पिझ्झा पहिल्यांदा झाला, ही गोष्ट तुम्हाला दहा ठिकाणी ऐकवतील. गोष्ट गोड आहे, पण टोमॅटो, चीज आणि तुळशीचा पिझ्झा नापोलीत त्याच्या आधीपासून होता आणि अभ्यासकांना तिचा पुरावा कच्चा वाटतो. 2017 मध्ये युनेस्कोने नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हा मान पदार्थापेक्षा त्या हातांना मिळाला, हे मला फार योग्य वाटतं.

म्हशीच्या दुधाचं मोझ्झारेल्ला कुठे चाखावं?

म्हशीचं दूध पिऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना या चीजची ओळख पटकन पटते. दाटपणा तोच, पण वर हलकी आंबूस चव. काझेर्ता आणि सालेर्नोच्या बाजूचा, बात्तिपाल्या ते पेस्तुमचा सपाट प्रदेश हे त्याचं घर. तिथल्या डेअऱ्यांना काझेइफीचो म्हणतात. पेस्तुमची ग्रीक मंदिरं बघायला जाणार असाल तर सकाळी डेअरीत जा, बहुतेक ठिकाणी काचेपलीकडून काम बघता येतं. गरम पाण्यात ताणलेल्या लगद्यातून गोळा चिमटीत तोडतात, त्यावरूनच चीजला नाव पडलं.

ज्या दिवशी केलं त्या दिवशी, खोलीच्या तापमानाला, त्याच्याच पाण्यातून काढून खा. फ्रिजमध्ये ठेवलं की रबरासारखं होतं. सोबत पाव पुरे, बाकी काही लागत नाही.

रविवारी नापोलीत काय विशेष?

रागू. सकाळपासून, कधी आदल्या रात्रीपासून, डुकराचे आणि गाईचे मोठे तुकडे टोमॅटोत मंद आचेवर शिजतात. अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटावा इतकी आच बारीक, त्याला नापोलीकर ‘पिप्पियारे’ म्हणतात. आधी तो लाल रस्सा हाताने मोडलेल्या झीती पास्त्यावर वाढतात आणि मांस नंतर वेगळं. रविवारी बऱ्याच खानावळी दुपारीच चालतात आणि भरलेल्या असतात, जागा आधी सांगून ठेवा.

बारीच्या गल्लीत बायका पास्ता करतात म्हणे. तो विकत घेता येतो का?

हो. बारीच्या जुन्या गावात, किल्ल्यासमोरच्या आर्को बास्सोच्या गल्लीत घरांच्या दारात टेबलं मांडून बायका ओरेक्किएत्ते करत असतात. थांबून हात बघा. रव्याच्या घट्ट कणकेची करंगळीएवढी वळकटी, सुरीने तिचा नखाएवढा तुकडा, मग त्याच बोथट सुरीच्या पात्याने तो लाकडी पाटावर स्वतःकडे ओढायचा. तुकडा पात्यावर गुंडाळला जातो आणि लगेच अंगठ्यावर उलटा केला की छोटीशी वाटी तयार. वाटीची बाहेरची बाजू खरबरीत राहते आणि तिलाच भाजी चिकटते. हे सगळं गप्पा मारता मारता, खाली न बघता चाललेलं असतं. जाळीच्या चौकटींवर वाळत घातलेला पास्ता पिशव्यांत भरून तिथेच विकतात. फोटो काढण्याआधी विचारा, ते लोकांचं घर आहे.

या पास्त्याची जोडी चीमे दि रापा या कडसर पालेभाजीशी. भाजी आणि पास्ता एकाच पाण्यात उकळतात, तेलात लसूण, मिरची आणि आंचोवी. भाजीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. ऑगस्टमध्ये हा पदार्थ मिळाला तर भाजी बहुधा गोठवलेली असते. उन्हाळ्यात तोच पास्ता ताज्या टोमॅटोबरोबर आणि काचोरिकोत्ता या तिखटसर खारट चीजबरोबर खाणं शहाणपणाचं.

पुल्यात आणखी काय चुकवू नये?

माझी पहिली पसंती आल्तामुराच्या पावाला. सोनेरी, मोठा, जाड कवचाचा. आतला भाग पिवळा, कारण तोही ड्युरमचा. 2003 मध्ये युरोपीय संघाचं मूळस्थान-संरक्षण मिळवणारा हा युरोपातला पहिला पाव. बारीहून मातेराला जाणारी छोट्या रुळांची गाडी आल्तामुरावरून जाते. मधे उतरून पाव घ्या, तो कित्येक दिवस टिकतो.

मग बारीची फोकाच्चा, कणकेत उकडलेला बटाटा मळलेली, वर फोडलेले छोटे टोमॅटो आणि ऑलिव्ह, खालून तेलात तळल्यासारखी खरपूस. बेकरीतून वजनावर घ्यायची आणि गरम असताना रस्त्यातच संपवायची. बारीचंच ‘स्पागेत्ती आल्लास्सासिना’ मराठी जिभेला हमखास आवडतं. कच्ची स्पागेत्ती थेट लोखंडी तव्यात, तिखट टोमॅटोचं पाणी पळीपळीने घालत शिजवतात आणि मुद्दाम करपवतात. लसूण, मिरची, टोमॅटो, तेल, मांस-मासे नाहीत.

बुर्राता आंद्रियाची. बाहेर मोझ्झारेल्लाची पिशवी, आत सायीत भिजलेले चीजचे धागे. मासे खाणाऱ्यांसाठी तिएल्ला : तांदूळ, बटाटे आणि शिंपले थरावर थर लावून भट्टीत भाजलेले. मांसाहाऱ्यांसाठी मार्तिना फ्रांका, चिस्तेर्निनोच्या बाजूला बोंबेत्ते, चीज भरलेल्या डुकराच्या मांसाच्या गुंडाळ्या. खाटकाच्या दुकानातच निवडायच्या, तिथेच भाजून मिळतात. लेच्चेकडे घोड्याचं मांस खातात. मेनूत ‘कावाल्लो’ दिसलं आणि ते नको असेल, तर लक्षात असू द्या.

फावाचे दाणे कोणी खाऊ नयेत?

जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी मुळीच खाऊ नयेत. त्यांच्यात फावामुळे तांबड्या रक्तपेशी झपाट्याने फुटतात, कावीळ होते आणि जिवावर बेतू शकतं. भूमध्य समुद्राच्या काठी ही कमतरता बरीच आढळते आणि भारतातही अनेक समाजांत आहे. घरात कोणाला ती असल्याचं माहीत असेल, विशेषतः लहान मुलांना, तर वसंतात ताजे हिरवे फावा पेकोरीनोबरोबर कच्चे वाढतात तेही टाळा.

मातेरात काय मिळतं?

पेपेरोनी क्रुस्की. सेनिझेच्या लांबट गोड्या लाल मिरच्या उन्हात माळा करून वाळवतात आणि गरम तेलात दोन-चार सेकंद बुडवून काढतात. गार झाल्या की कडकडीत होतात. तिखट अजिबात नसतात, खमंग धुरकट गोड चव. पास्त्यावर चुरून पावाच्या चुऱ्याबरोबर येतात, किंवा नुसत्याच. शाकाहाऱ्यांनी मातेरात दुसरं काही खाल्लं नाही तरी हे खावं. मातेराचा पावही नामांकित आहे. क्रापियाता ही मिश्र कडधान्यांची आणि गव्हाची आमटी तिथे 1 ऑगस्टला, नव्या सुगीच्या निमित्ताने सार्वजनिकरीत्या शिजते, एरवी काही खानावळींत मिळते.

खरंच तिखट काही मिळतं का?

कालाब्रियात. संपूर्ण इटलीत मिरचीवर असं प्रेम करणारा दुसरा प्रांत नाही. बाजारात लाल मिरच्यांचे गुच्छ लटकलेले असतात, जेवणाच्या टेबलावर तेलातली मिरची असते आणि दियामान्ते गावात सप्टेंबरात मिरचीचा उत्सव भरतो. मिरची अमेरिकेतून स्पॅनिश जहाजांनी भूमध्य समुद्रात आली आणि पोर्तुगीजांमार्फत गोव्यात; साधारण एकाच शतकात ती दोन्ही किनाऱ्यांना लागली. महाग मिरे परवडत नसलेल्या गरिबाला परसात उगवणारा तिखटपणा मिळाला, आणि कालाब्रियाने ती आपलीशी केली.

स्पिलिंगा गावची न्दूया प्रसिद्ध आहे : डुकराची चरबी, मांस आणि भरपूर मिरची यांचं मऊ, पावावर फासता येणारं सॉसेज. फिलेया या पिळाच्या पास्त्यात ती वितळवतात. शाकाहाऱ्यांनी लाल रंगाच्या कुठल्याही सॉसची इथे खात्री करून घ्यावी, कारण चमचाभर न्दूया सहज पडलेली असते. त्रोपेयाचा लाल कांदा मात्र निर्धास्त खा. इतका गोड की कच्चा चावून खाता येतो, त्याचा मुरंबाही करतात.

आपलं तिखट म्हणजे मसाल्यांचं मिश्रण. इथलं तिखट म्हणजे फक्त मिरची, बाकी धणे-जिरे काही नाही. त्या अपेक्षेने गेलात तर आवडेल.

पालेर्मोत रस्त्यावर काय खावं?

बाल्लारो, कापो किंवा वुच्चिरियाच्या बाजारात जा आणि जिथे तेल तापलंय तिथे उभे राहा.

पाने ए पानेल्ले हे माझ्या मते सिसिलीचं सर्वात प्रामाणिक खाणं. छोल्यांचं पीठ पाण्यात, मीठ घालून घोटत घोटत शिजवायचं, कढईची कड सोडेपर्यंत. त्यात चिरलेली पार्स्ली. गरम असतानाच पातळ थापायचं, गार झालं की कापायचं आणि तळायचं. तळणारा माणूस झाऱ्याने पाच-सहा पानेल्ले एकदम उचलतो, तेल झटकतो आणि तीळ लावलेल्या मऊ पावाच्या पोटात सरकवतो. वर मीठ, लिंबू पिळायचं. सोबत बटाट्याचे काझ्झिल्ली त्याच पावात घाला म्हणावं, म्हणजे बेसन, बटाटा आणि पाव यांची गाठ पडते आणि दादर स्टेशनबाहेरचा वडापाव आठवल्याशिवाय राहत नाही. चटणीची उणीव लिंबू भरून काढतं.

पानी का मेउझा म्हणजे चरबीत परतलेल्या गाईच्या प्लीहेचा आणि फुप्फुसाचा पाव. स्तिग्योला म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोकराची आतडी. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावं, कारण ही त्या शहराची जुनी ओळख आहे. बाकीच्यांनी पावात नेमकं काय आहे ते आधी विचारावं आणि तळणीच्या तेलात मासे तळतात का तेही.

तांदळाचा तळलेला गोळा पालेर्मोत गोल असतो आणि त्याला आरांचीना म्हणतात, कातानियात तो टोकदार असतो आणि त्याला आरांचीनो म्हणतात. दोन्ही शहरं याबाबतीत हळवी आहेत, तेव्हा ज्या गावात असाल तिथलंच नाव घ्या. नेहमीच्या सारणात मांस असतं, ‘बुर्रो’ प्रकारात लोणी-चीजबरोबर हॅम. शाकाहाऱ्यांसाठी पालक किंवा वांग्याचे शोधावे. 13 डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य. अख्खं शहर आरांचीने आणि कुच्चिया ही उकडलेल्या गव्हाची गोड खीर खातं.

सिसिलीत बसून जेवायचं तर?

कातानियात पास्ता आल्ला नोर्मा. तळलेली वांगी, टोमॅटो, तुळस आणि वर किसलेलं खारवलेलं रिकोत्ता. नाव बेल्लीनीच्या ‘नोर्मा’ या 1831 च्या ऑपेरावरून. संगीतकार याच शहरातला. वांगी जून ते सप्टेंबरात उत्तम.

कापोनाता हे वांग्याचंच आंबट-गोड प्रकरण : सेलरी, ऑलिव्ह, केपर, टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर. गार खातात, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. नवव्या शतकापासून अकराव्यापर्यंत सिसिलीवर अरबांचं राज्य होतं. लिंबू, कडू संत्रं, ऊस त्यांच्या काळात इथे रुजले, आणि आंबट-गोडाची, मनुका-चिलगोज्यांची आवडही त्या काळाशी जोडली जाते. पास्ता कोन ले सार्दे खाल्लात तर ती आवड थेट जिभेवर येते : सार्डिन, रानबडीशेपेचा पाला, मनुका, चिलगोजे. मत्स्याहारी मराठी माणसाने सिसिलीत एकच पास्ता खायचा तर हा खावा. हंगाम वसंतापासून, जेव्हा रानबडीशेप कोवळी असते.

पश्चिमेला त्रापानीत माशांच्या रश्श्याबरोबर कुसकुस मिळतो. उत्तर आफ्रिका समुद्रापलीकडेच आहे.

गोड काय?

उन्हाळ्यात सिसिलीत सकाळचा नाश्ताच गोड असतो : ग्रानिता, म्हणजे दाणेदार गोठवलेलं सरबत, आणि ब्रियोश हा मऊ पाव. बदाम, लिंबू, कॉफी, तुती. ब्रियोशच्या डोक्यावरचा गोळा तोडायचा आणि ग्रानितात बुडवायचा. मेस्सिनात कॉफीची ग्रानिता वर फेटलेली साय घालून देतात. एकदा तरी हा नाश्ता करा, हॉटेलचा फुकटचा बुफे सोडून करा. ब्रियोशमध्ये अंडं असतं.

कान्नोलो घेताना नळी आधीच भरून ठेवलेली असेल तर पुढच्या दुकानात जा. सारण समोर भरलं तरच कवच कुरकुरीत राहतं. मोदिकाचं चॉकलेट कमी तापमानाला केलेलं, साखर न विरघळलेली, दाणेदार. ब्रोंतेचा पिस्ता एक वर्षाआड, विषम वर्षी काढतात, आणि महाग असतो. स्वस्तात चमकदार हिरवं पिस्ता आइस्क्रीम दिसलं तर त्यात पिस्ता थोडा आणि रंग जास्त.

नापोलीत स्फोल्यातेल्ला गरम खावी. ‘बाबा’ नावाचा केक रममध्ये भिजवलेला असतो, मद्य टाळणाऱ्यांनी आणि मुलांसाठी घेताना लक्षात ठेवा. पास्तिएरा ईस्टरची : शिजवलेला गहू, रिकोत्ता आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. हल्ली वर्षभर मिळते, पण ईस्टरच्या आठवड्यात घराघरांतून जो वास येतो तो एरवी नाही.

जेवणाच्या वेळा आणि बिलाबद्दल काय माहीत हवं?

दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री आठनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद, कितीही विनवलं तरी. मुलं बरोबर असतील तर संध्याकाळच्या भुकेसाठी बेकरी आणि तळणीची दुकानं हाच आधार. 15 ऑगस्टच्या आसपास शहरांतल्या बऱ्याच घरगुती खानावळी सुट्टीवर जातात.

बिलात ‘कोपेर्तो’ ही माणशी रक्कम असते, साधारण दीड ते तीन युरो. ती पाव आणि टेबलाची, फसवणूक नाही. पाणी बाटलीचं येतं आणि त्याचे पैसे पडतात. टिप सक्तीची नाही. सगळे कोर्स मागवायलाच हवेत असंही नाही. एक पास्ता आणि एक भाजी मागवली तरी कोणी वाकडं बघत नाही. मेनूत पदार्थापुढे फुली किंवा तारा असेल तर तो जिन्नस गोठवलेला आहे. माशांच्या पास्त्यावर चीज मागू नका. मिळेल, पण पदार्थ बिघडेल. कॉफी उभ्याने, काउंटरवर प्या, बसलात की दर वाढतो.

चांगली खानावळ ओळखायची कशी?

छोटा मेनू, शक्यतो हाताने लिहिलेला आणि रोज बदलणारा. सहा भाषांतला फोटोंचा मेनू आणि दारात उभा राहून बोलावणारा माणूस असेल तर पुढे चला. आत गेल्यावर ‘कोझा चे दि बुओनो ओज्जी?’ म्हणजे ‘आज काय चांगलं आहे?’ असं विचारा. या एका प्रश्नाने मला जितकं चांगलं जेवण मिळालं तितकं कोणत्याही यादीने मिळालेलं नाही.

आठवडाच हातात आहे. काय निवडू?

एकच टापू. पहिल्यांदा जाणाऱ्या शाकाहाऱ्याला मी बारी, आल्तामुरा, मातेरा, लेच्चे सुचवेन. अंतरं कमी आणि भाजी-कडधान्यांची रेलचेल. मासे आणि रस्त्यावरचं खाणं प्रिय असेल तर सिसिली, पालेर्मोत सुरू करून कातानियात संपवा. पिझ्झा आणि मोझ्झारेल्लासाठी नापोली आणि पेस्तुम. तिन्ही एका आठवड्यात बसवले तर निम्मा वेळ गाडीत जाईल आणि दुपारचं जेवण हुकत राहील.

घरी काय आणावं?

ग्रान्यानोचा सुका पास्ता, काडीसकट वाळवलेला सिसिलीचा ओरेगानो, पांतेल्लेरिया बेटाचे मिठातले केपर, सेनिझेच्या वाळक्या मिरच्या, मोदिकाचं चॉकलेट. चेतारा गावचं कोलातुरा, म्हणजे खारवलेल्या आंचोवीचा गाळलेला अर्क, मासे खाणाऱ्यांसाठी सोनं आहे. त्याची बाटली चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा. न्दूया, सॉसेज, चीज यांचा मोह आवरा. मांसाच्या आणि दुधाच्या पदार्थांवर भारतात आयातीचे निर्बंध आहेत, विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. केपर घरी आल्यावर वापरण्याआधी धुवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा, नाहीतर मिठाशिवाय दुसरी चव लागणार नाही.